वडीलधाऱ्यांनी राखलेली वाट

1941-42 च्या हिवाळ्यात अमेरिकेतल्या टेक्सास राज्याच्या किनाऱ्यावर स्थलांतर करून आलेल्या व्हूपिंग क्रेन या क्रौंच पक्ष्यांची मोजणी झाली. पक्षी भरले जेमतेम 15-16. लुइझियाना राज्यात बारमाही राहणारे आणखी सहा होते. या जातीचे निसर्गात शिल्लक राहिलेले पक्षी एवढेच.

टेक्सासचे हे पक्षी एप्रिलमध्ये उत्तरेकडे निघून जात आणि शरद ऋतूत परत येत. मधल्या काळात ते कुठे असतात, घरटी कोणत्या देशात बांधतात, हे कोणालाही सांगता येत नव्हते. शास्त्रज्ञ, वनरक्षक, शिकारी, शेतकरी, सगळ्यांना विचारून झाले होते. ती जागा माहीत असलेले जीव त्या कळपातच होते आणि ते दर वर्षी न चुकता तिथे जाऊन येत होते.

आज या कळपात सुमारे 550 पक्षी आहेत आणि ते सगळे त्या 15-16 पक्ष्यांचे वंशज आहेत. या यशाचे श्रेय कायद्यांना आहे, अभयारण्यांना आहे, आयुष्य वाहिलेल्या माणसांनाही आहे. पण या सगळ्यांच्या आधी ते त्या मूठभर पक्ष्यांचे आहे. कारण त्यांनी स्वतःच्या जिवाबरोबर सुमारे 4,000 किलोमीटरांची एक वाटही वाचवली. क्रौंचांचे वसंतातले स्थलांतर समजून घ्यायचे तर पक्ष्यांइतकेच या वाटेकडेही पाहावे लागते.

खाजणातून प्रस्थान

व्हूपिंग क्रेन हा उत्तर अमेरिकेतला सर्वांत उंच पक्षी. उभा राहिला की सुमारे दीड मीटर भरतो, पंख पसरले की सव्वादोन मीटरांच्या आसपास. अंग शुभ्र, पंखांची टोके काळी, माथ्यावर लाल कातडीचा पट्टा. त्याची श्वासनलिकाही जवळपास दीड मीटर लांब असते. तिची वेटोळी छातीच्या हाडात सामावलेली असतात आणि म्हणूनच त्याची तुतारीसारखी हाक कित्येक किलोमीटर ऐकू जाते.

हे पक्षी हिवाळा काढतात तो टेक्सासच्या अरॅन्सास परिसरात, मेक्सिकोच्या आखाताच्या काठी. इथे समुद्र आणि जमीन यांच्या मधोमध खारट दलदलीचा, म्हणजे खाजणांचा पट्टा आहे. निळे खेकडे, शिंपले आणि वुल्फबेरी नावाच्या झुडपाची लाल फळे हे त्यांचे इथले मुख्य अन्न. प्रत्येक जोडपे आपल्या पिल्लासह दलदलीचा एक तुकडा राखून असते आणि दुसऱ्या कुटुंबाला त्यात पाऊल टाकू देत नाही. 31 डिसेंबर 1937 रोजी अमेरिकी सरकारने या भागात अरॅन्सास राष्ट्रीय वन्यजीव आश्रयस्थान स्थापन केले. तो निर्णय आणखी दहा वर्षे लांबला असता, तर राखायला कदाचित काही उरलेच नसते.

मार्चच्या अखेरीस दिवस मोठे होतात, दक्षिणेचे वारे वाहू लागतात आणि पक्ष्यांमध्ये अस्वस्थता दिसू लागते. जोडपी नाचू लागतात. उड्या, झुकणे, पंख फडकावणे, गवताची काडी हवेत उडवणे असे ते नृत्य असते. मग एखाद्या स्वच्छ सकाळी, ऊन चढून जमीन तापली की एक कुटुंब उठते आणि गोल गोल फिरत वर चढू लागते. सगळा कळप एकदम निघत नाही. कोणी मार्चच्या शेवटी निघतो, कोणी एप्रिलच्या मध्यावर. दोघे-तिघे, फार तर पाच-सहा जणांच्या टोळ्या करून ते जातात.

क्रौंचाचे उडणे काटकसरीचे असते. तापलेल्या जमिनीवरून वर चढणाऱ्या हवेच्या स्तंभात तो शिरतो, पंख जवळजवळ न हलवता चकरा घेत उंची गाठतो आणि मग पंख ताणून उत्तरेकडे कित्येक किलोमीटर घसरत जातो. खाली आला की पुढचा स्तंभ शोधतो. असे हवेचे स्तंभ दिवसाच मिळतात, म्हणून तो दिवसा उडतो आणि संध्याकाळी उतरतो. मागून दक्षिणेचा वारा असेल तर एका दिवसात 300 ते 600 किलोमीटर पार पडतात. वारा समोरून आला किंवा पाऊस लागला, तर तो मुकाट्याने थांबतो. वाटेत घाई करून दमलेला पक्षी घरट्यापर्यंत पोचला तरी अंडी घालण्याइतकी ताकद त्याच्यापाशी उरत नाही. त्यामुळे कुठे थांबायचे हे कळणे उडण्याइतकेच मोलाचे ठरते.

उथळ पाण्यातला मुक्काम

ओक्लाहोमा, कॅन्सस, नेब्रास्का, साउथ आणि नॉर्थ डकोटा, मग कॅनडातला सस्कॅचेवान प्रांत, असा हा मार्ग गव्हाच्या, मक्याच्या आणि गवताच्या सपाट प्रदेशातून जातो. रात्री मुक्कामाला क्रौंचाला घोट्यापासून गुडघ्यापर्यंतचे उथळ पाणी लागते. तो पाण्यातच उभ्याने झोपतो, म्हणजे कोल्हा किंवा कायोट जवळ आला तर पाण्याचा आवाज आधी येतो. भोवती झाडी नको, चारही दिशांना लांबवर दिसायला हवे. ओक्लाहोमातली मिठागरांची सपाटी, कॅन्ससमधले क्विव्हिरा आणि शायेन बॉटम्स ही त्यांची जुनी मुक्कामाची ठिकाणे.

नेब्रास्कातली प्लॅट नदी यांत सर्वांत प्रसिद्ध. वसंतात पाच लाखांहून अधिक सँडहिल क्रेन, म्हणजे राखाडी रंगाचे क्रौंच, या नदीवर गोळा होतात. संध्याकाळी त्यांच्या रांगांवर रांगा उतरताना आकाश झाकोळून जाते. त्या राखाडी समुदायात एखादे शुभ्र कुटुंब दिसले की दुर्बिणी घेऊन बसलेल्या लोकांचे डोळे पाणावतात.

पण प्लॅटचे पाणी शेतांनी आणि शहरांनी वाटून घेतले आहे. धरणे आणि कालवे झाल्यावर पुराचा लोंढा थांबला. पूर दर वर्षी वाळूचे दांडे धुऊन साफ करी, त्यामुळे तिथे झाडे रुजत नसत. पूर थांबताच रोपे रुजली, पात्रात झाडी वाढली आणि रुंद, उथळ नदीच्या जागी अरुंद प्रवाह उरले. क्रौंचांना उतरण्याजोगा पट्टा आक्रसत गेला. 1970 च्या दशकात वायोमिंगमधल्या ग्रेरॉक्स धरणावरून खटला उभा राहिला आणि 1978 च्या तडजोडीत धरण बांधणाऱ्यांनी क्रौंचांच्या अधिवासासाठी 75 लाख डॉलर्सचा निधी द्यायचे मान्य केले. त्यातून एक विश्वस्त संस्था उभी राहिली. ती आजही जमिनी घेऊन पात्रातली झाडी काढते आणि ओली कुरणे जपते. 2007 पासून कोलोराडो, वायोमिंग, नेब्रास्का ही राज्ये आणि केंद्र सरकार मिळून नदीत पाणी सोडण्याचा कार्यक्रम राबवत आहेत. पाण्यावरून भांडणारी राज्ये एका पक्ष्याच्या मुक्कामासाठी एका टेबलाशी बसली, ही मला या कथेतली फार मोठी गोष्ट वाटते.

सगळे मुक्काम असे नावाजलेले नसतात. 1981 ते 1984 या काळात संशोधकांनी काही पिल्लांच्या पायांना रेडिओ प्रक्षेपक बांधले आणि लहान विमानातून त्यांच्या कुटुंबांचा पाठलाग केला. 2009 पासून सौरऊर्जेवर चालणारे उपग्रह-प्रक्षेपक वापरात आले आणि पक्षी कुठे उतरतो, किती वेळ थांबतो, हे रोजच्या रोज कळू लागले. त्यातून दिसले, की स्थलांतराचा पट्टा सुमारे 300 किलोमीटर रुंद आहे आणि बरेचसे मुक्काम खाजगी शेतांतल्या अनाम डबक्यांत आणि तळ्यांत होतात. हिमनद्या मागे सरकल्या तेव्हा या सपाटीवर असंख्य खळगे राहिले. वसंतात बर्फ वितळले की ते भरतात. शेतकऱ्याला असा खळगा अडचणीचा वाटतो, तो बुजवून टाकावासा वाटतो. क्रौंचाच्या दृष्टीने त्या रात्रीचा निवारा तोच असतो.

आगीने दाखवलेली जागा

सस्कॅचेवानच्या पुढे शेती संपते आणि उत्तरेची विराण अरण्ये सुरू होतात. तिथे पोचायला पक्ष्यांना निघाल्यापासून दोन ते चार आठवडे लागतात.

त्यांच्या घरट्यांचा शोध हा पक्षिशास्त्रातला एक चिकाटीचा अध्याय आहे. नॅशनल ऑडुबॉन सोसायटीचे रॉबर्ट पोर्टर ॲलन यांनी 1940 च्या दशकाच्या उत्तरार्धापासून हा ध्यास घेतला. विमानातून त्यांनी कॅनडाच्या उत्तरेकडचा अफाट प्रदेश पिंजून काढला, पण घरटे सापडले नाही. मग 30 जून 1954 रोजी अल्बर्टा आणि नॉर्थवेस्ट टेरिटरीज यांच्या सीमेवरच्या वुड बफेलो राष्ट्रीय उद्यानात वणवा लागला होता, तिथून एक हेलिकॉप्टर परतत होते. आत वनाधिकारी जॉर्ज विल्सन आणि वैमानिक डॉन लँडेल्स होते. खाली पाणथळीत त्यांना मोठे पांढरे पक्षी दिसले आणि सोबत एक तांबूस पिल्लू. फोर्ट स्मिथ इथे असलेले जीवशास्त्रज्ञ विल्यम फुलर यांनी ते व्हूपिंग क्रेनच असल्याची खात्री केली. पुढच्या वर्षी ॲलन स्वतः, वाटेतल्या असंख्य अडचणी सोसून, जमिनीवरून त्या जागेपर्यंत पोचले.

योगायोग असा, की ही जागा आधीच सुरक्षित होती. वुड बफेलो उद्यान 1922 मध्ये रानगव्यांसाठी स्थापन झाले होते. जवळपास 45,000 चौरस किलोमीटर विस्ताराच्या या उद्यानात रस्ता नसलेली, उथळ तळ्यांनी जाळीदार झालेली जमीन आहे. ती शेतीला निरुपयोगी आणि माणसाला दुर्गम होती, म्हणून क्रौंचांची ही एक जागा टिकली. इलिनॉय, आयोवा, मिनेसोटा इथली त्यांची जुनी घरटी नांगराखाली गेली. सस्कॅचेवानच्या सपाटीवरचे शेवटचे ज्ञात घरटे 1922 मधले, मडी लेकचे. म्हणजे एके काळी या जातीच्या अनेक वाटा होत्या. त्या एकेक करून मिटल्या आणि सगळ्यांत दूरच्या घराकडे जाणारी एकच वाट उरली.

मेच्या सुमारास मादी बहुधा दोन अंडी घालते. सुमारे महिन्याभराने पिल्ले निघतात, पण बहुतेकदा त्यांतले एकच जगते. याचाच आधार घेऊन 1967 पासून कॅनडाचे वन्यजीवतज्ज्ञ एर्नी कौट घरट्यांतले दुसरे अंडे उचलू लागले. थंडगार पाण्यातून चालत जाऊन काढलेली अंडी त्यांनी सुरुवातीला लोकरीच्या मोज्यात घालून ऊब देत आणली. ती मेरिलंडमधल्या पॅटक्सेंट संशोधन केंद्रात उबवली गेली आणि तिथे बंदिवासातला पहिला मोठा कळप तयार झाला.

वाट अंड्यातून येत नाही

इथून खरी अडचण सुरू झाली. पिल्लू वाढवता आले, पण त्याला वाट कशी द्यायची?

काही पक्ष्यांत स्थलांतराची दिशा जन्मजात असते. कोकिळ-कुळातले पिल्लू परक्याच्या घरट्यात वाढते आणि एकटेच योग्य दिशेने निघते. क्रौंचाचे तसे नाही. ऋतू बदलला की त्याला अस्वस्थता येते, पण कुठे जायचे, कुठे उतरायचे, हे तो आईबापांच्या मागे उडून शिकतो. पिल्लू शरदात त्यांच्यासोबत दक्षिणेला येते, हिवाळाभर त्यांच्या दलदलीत राहते आणि वसंतात पुन्हा त्यांच्यासोबत उत्तरेला निघते. घरट्याचा प्रदेश आला की आईबाप नव्या विणीच्या तयारीला लागतात आणि वर्षभराच्या त्या पोराला दूर करतात. तोपर्यंत त्याला जायची आणि यायची अशा दोन्ही वाटा एकदा घडलेल्या असतात. मेंढरे घेऊन घाटावरून कोकणात आणि परत घाटावर फिरणाऱ्या धनगरांची पोरे चालता चालताच मुक्काम, पाणवठे आणि धोके शिकतात, तसेच हे शिक्षण आहे.

1975 मध्ये आयडाहोतल्या ग्रेज लेक इथे एक प्रयोग सुरू झाला. व्हूपिंग क्रेनची अंडी सँडहिल क्रेनच्या घरट्यात ठेवली गेली. दत्तक आईबापांनी पिल्ले मायेने वाढवली आणि आपल्या वाटेने न्यू मेक्सिकोपर्यंत नेऊन परतही आणली. वाट शिकवणे साधले. पण मोठे झाल्यावर हे पक्षी स्वतःला सँडहिलच समजू लागले आणि आपल्या जातीत त्यांच्या जोड्या जमल्या नाहीत. अखेर प्रयोग थांबवावा लागला. आईबापांकडून पिल्लू वाटेबरोबर आपण कोण आहोत हेही शिकते, हा त्यातून मिळालेला महागडा धडा.

बिल लिशमन आणि जो डफ यांनी स्थापन केलेल्या ‘ऑपरेशन मायग्रेशन’ने 2001 मध्ये दुसरा मार्ग धरला. पिल्लांना माणसाचा लळा लागू नये म्हणून सांभाळणारी माणसे पांढरे झगे घालत, हातात क्रौंचाच्या डोक्याची बाहुली धरत आणि चकार शब्द बोलत नसत. अंड्यात असल्यापासून पिल्लांना छोट्या अल्ट्रालाइट विमानाचा आवाज ऐकवला जाई. मग त्या विमानामागून त्यांना विस्कॉन्सिनमधल्या नेसीडाहून फ्लोरिडापर्यंत, सुमारे 1,900 किलोमीटर नेले गेले. विमान फक्त जातानाच होते. वसंतातली परतीची वाट पक्ष्यांनीच काढायची होती. पहिल्या तुकडीतले पाच पक्षी 2002 च्या एप्रिलमध्ये आपले आपण विस्कॉन्सिनला पोचले. एकदा पाहिलेली वाट क्रौंच उलट दिशेने शोधू शकतो, हे सिद्ध झाले.

पुढची वर्षे सोपी नव्हती. फेब्रुवारी 2007 मध्ये फ्लोरिडात आलेल्या वादळात त्या वर्षीच्या 18 पिल्लांपैकी 17 दगावली. नेसीडात चावऱ्या काळ्या माश्यांनी हैराण होऊन जोडपी घरटी सोडू लागली. विमानाचा उपक्रम 2016 मध्ये बंद झाला. मात्र या कळपाने विज्ञानाला एक अमोल गोष्ट दिली. प्रत्येक पक्ष्याचे वय आणि प्रवास नोंदलेला असल्याने, वाट कोण चांगली राखते, हे मोजता आले. 2013 मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आलेल्या अभ्यासात दिसले, की जाणत्या पक्ष्याशिवाय उडणारे एक वर्षाचे क्रौंच सरळ मार्गापासून सरासरी 97 किलोमीटर भरकटतात, आणि सोबत मोठे पक्षी असले तर हे अंतर 64 किलोमीटरांच्या आत येते. टोळीतला सर्वांत वयस्क पक्षी जितका अनुभवी, तितकी सगळ्यांची वाट नेमकी. टोळीत किती पक्षी आहेत, याने फरक पडत नव्हता.

भरतपूरची तुटलेली साखळी

हा धडा भारताला फार आधी, आणि फार दुःखाने मिळाला होता. राजस्थानातल्या भरतपूरला, केवलादेवच्या तळ्यांवर, दर हिवाळ्यात सायबेरियन क्रौंच येत. पश्चिम सायबेरियातून निघून मध्य आशिया, अफगाणिस्तान आणि पाकिस्तान ओलांडत ते इथे पोचत. 1960 च्या दशकात तिथे सुमारे 200 पक्षी दिसत. आंतरराष्ट्रीय क्रौंच प्रतिष्ठानाचे सहसंस्थापक रॉन सॉवी यांनी याच पक्ष्यांचा इथे अभ्यास केला. केवलादेव राष्ट्रीय उद्यान झाले, 1985 मध्ये जागतिक वारसाही ठरले. पण वाटेत शिकार चालू राहिली, वाटेवरच्या पाणथळी रोडावल्या आणि येणारे पक्षी कमी होत गेले. 2001-02 च्या हिवाळ्यात शेवटची जोडी दिसली.

केवलादेवचे तळे तिथेच आहे. सायबेरियन क्रौंचांची जातही नामशेष झालेली नाही, पूर्वेकडच्या वाटेने काही हजार पक्षी आजही चीनमधल्या पोयांग सरोवराकडे जातात. फक्त भरतपूरची वाट ठाऊक असलेला क्रौंच उरला नाही. बंदिवासात वाढवलेली पिल्ले तिथे सोडून पाहण्यात आली, पण त्यातून कळप उभा राहिला नाही. तळे खोदता येते, कुंपण घालता येते, पहारा ठेवता येतो. वडीलधाऱ्यांनी जन्मभर गिरवलेली हजारो किलोमीटरांची वाट मात्र एका पिढीत तुटली की हाताशी काही राहत नाही.

तारा, तहान आणि नवे मुक्काम

अरॅन्सासच्या कळपालाही निश्चिंतता नाही. मोकळ्या आकाशात त्याचा सर्वांत मोठा ज्ञात वैरी म्हणजे विजेच्या तारा. पहाटेच्या धुक्यात किंवा कलत्या उजेडात खाली उतरणाऱ्या भारी पक्ष्याला तार दिसत नाही. तारांवर खुणेच्या चकत्या लावल्या तर धडका कमी होतात, आणि हे काम स्वस्तात होण्याजोगे आहे. पवनचक्क्यांचे अंगण क्रौंच टाळतात, म्हणजे जिथे त्या उभ्या राहतात तिथला मुक्काम हातचा जातो. बंदुकीचा धोकाही संपलेला नाही. 2021 मध्ये ओक्लाहोमात चार पक्षी गोळ्या घालून मारले गेले.

अरॅन्सासमध्ये प्रश्न गोड्या पाण्याचा आहे. ग्वाडलूप आणि सॅन अँटोनियो नद्यांचे पाणी खाडीत पोचले तर खेकडे पोसले जातात. 2008-09 च्या दुष्काळी हिवाळ्यात या कळपातले 23 पक्षी गेल्याचा अंदाज होता. प्रकरण न्यायालयात गेले. पहिला निकाल पक्ष्यांच्या बाजूने लागला, 2014 मध्ये अपिलात तो फिरला. समुद्राची पातळी वाढते आहे आणि खाजणांचा पट्टा बुडण्याची भीती आहे.

अशा वेळी जुनी वाट जपणे पुरेल का, असा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तरही विस्कॉन्सिनच्या कळपातूनच आले. फ्लोरिडापर्यंत नेऊन शिकवलेले ते पक्षी काही वर्षांनी इंडियाना, केंटकी, अलाबामा अशा वाटेतल्या राज्यांतच हिवाळा काढू लागले. 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले, की हा बदल सुरू केला तो वयस्क पक्ष्यांनी. थंडी सौम्य झाली आहे, शेतात धान्य सांडलेले आहे, एवढ्या दूर जायचे कारण नाही, हे त्यांनी अनुभवाने जोखले. पोरे त्यांच्यामागून थांबली.

म्हणजे क्रौंचांच्या परंपरेत बदल सामावतो, आणि तो बदल जाणत्यांच्याच हातून घडतो. म्हणून या पक्ष्याचे संरक्षण मोजताना वर्षाला किती पिल्ले निघाली, एवढाच आकडा पाहून चालणार नाही. पंचवीस वर्षांचा पक्षी तारेला धडकून मेला, तर कळपाची पंचवीस वसंतांची जाण त्याच्याबरोबर जाते. ती भरून काढायला पुढच्या पंचवीस वर्षांना पर्याय नाही. वुड बफेलोतले घरटे आणि अरॅन्सासचे खाजण यांच्यामधल्या साऱ्या उथळ डबक्यांचे, नदीच्या दांड्यांचे आणि तारेवर लावलेल्या प्रत्येक चकतीचे मोल यातच आहे. पक्षी म्हातारे होईपर्यंत जगले, तर बदलत्या जगात कुठे उतरायचे, हे ते आपल्या पोरांना स्वतःच शिकवतील.